थांबलेल्याचे दर्शन



आषाढी झाली, वारकरी आपापल्या घरी परतले, पायांचे फोड वाळले. आता श्रावण लागला म्हणजे घरोघरी दुसऱ्याच एका चालण्याची तयारी होते. रान हिरवेगार झालेले असते, पोरांना सुट्टीचा दिवस असतो आणि कोणीतरी म्हणते, चला, टेकडीतला धबधबा पाहून येऊ. डबे भरले जातात, छत्र्या निघतात. नातवंडे पुढे, म्हातारी माणसे मागे, असे सगळे घर निघते. आणि वाटेत कुठेतरी एक जागा अशी येते, जिथून घरातल्या एखाद्याला पुढे जाववत नाही. त्या जागी उभे राहिल्यावर जो प्रश्न पडतो, तो आज तुमच्यापुढे ठेवतो. मागे राहणाऱ्यासाठी सगळ्यांनी थांबावे, की त्याला तिथेच बसवून बाकीच्यांनी पुढे जावे?

प्रश्न लहान दिसतो. एका धबधब्यापुरताच तर आहे, असे वाटेल. पण माऊली, हाच प्रश्न वर्षभर निरनिराळी सोंगे घेऊन आपल्या दारात उभा राहतो. पुण्याला नोकरी लागलेल्या मुलाने आईबापांसाठी गावी राहावे का? अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याजवळ कोणी बसायचे आणि लग्नाला कोणी जायचे? वावर विकून सगळ्यांनी शहरात जावे, की म्हाताऱ्यांचे डोळे मिटेपर्यंत थांबावे? ही सगळी त्या धबधब्याच्या वाटेवरचीच जागा आहे.

आमचे केळझर वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, नागपूरहून वर्ध्याला येणाऱ्या रस्त्यावर आहे. टेकडीवर सिद्धिविनायक आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. पांडव जिथे राहिले ती एकचक्रा नगरी म्हणजे हेच गाव, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. खानदेशातले एरंडोलही तेच सांगते. आपण वाद घालू नये. जिथे ती कथा मनापासून ऐकली जाते, तिथे एकचक्रा आहे.

गावाभोवती टेकड्या आहेत, काळ्या पाषाणाच्या, त्यांवर साग, मोह, तेंदू, पळस. उन्हाळ्यात या रानाकडे पाहवत नाही. पण दोन पाऊस जोराचे झाले की नाले बोलू लागतात. गावाच्या नावातच झर ऐकू येतो, आणि श्रावणात तो डोळ्यांनीही दिसतो. एखाद्या नाल्याला मध्येच काळ्या खडकाची पायरी लागते आणि पाणी तिथून दीड पुरुष खाली उडी घेते. आमच्याकडचा धबधबा एवढाच. नकाशात त्याला नाव नाही, आणि दिवाळी उलटली की तिथे ओला दगडसुद्धा सापडायचा नाही. पण पोरांना तो सह्याद्रीतल्या मोठमोठ्या धबधब्यांहून कमी वाटत नाही, कारण तो आपला असतो आणि पायी गाठता येतो.

मागच्या श्रावणात आमचे घर असेच निघाले. मुलगा, सूनबाई, दोन नातवंडे, आमची सौ. आणि मी. आधी गणपतीचे दर्शन घेतले, मग पायवाटेने निघालो. अंतर अर्ध्या कोसाचे. पण शेवटच्या टप्प्यात नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडांवरून जावे लागते. तिथे सौ.चे गुडघे थांबले. ती एका सपाट दगडावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही सारे जा. माझ्यामुळे कोणाचं अडू नये."

मुलगा म्हणाला, "मग सारेच परत जाऊ." नातू रडकुंडीला आला. मी म्हणालो, "मी बसतो हिच्याजवळ." मुलगा म्हणाला, "नाही बाबा, तुम्ही कधीचे म्हणत होते पाहायचं म्हणून, मी बसतो." इतक्यात सूनबाईने डब्याची पिशवी खाली ठेवली आणि आईंच्या शेजारी दगडावर बसकण मारली. म्हणाली, "तुम्ही जा सारे. मला बसायचंच आहे. पहाटे चारपासून उभी आहे मी." यावर सगळे हसले, आणि आम्ही पुढे गेलो.

धबधबा पाहून परतलो तेव्हा त्या दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या. आता आपण निघायचे असे आम्हांला वाटले. पण सौ. मुलाला म्हणाली, "तू बस आता इथं. हिला पाहून येऊ दे. हिनं काय पाप केलं?" मग नात आपल्या आईचा हात धरून पुन्हा त्या दगडांवरून गेली आणि आम्ही तिघे अर्धा तास बसून राहिलो.

एवढीच गोष्ट. असे प्रसंग घरोघरी होतात आणि विसरले जातात. मला विचार करावासा वाटतो तो यातल्या एका वाक्याचा. माझ्यामुळे कोणाचे अडू नये. आमच्या वयाची माणसे हे वाक्य दिवसातून कितीदा म्हणतात! दवाखान्यात म्हणतात, जेवायला उशीर झाला तर म्हणतात, मुलगा बदलीचे पत्र दाखवतो तेव्हा म्हणतात. वाक्य एकच, पण त्याच्या पोटात दोन निरनिराळी माणसे राहतात.

एक माणूस विवेकी आहे. त्याला खरोखरच वाटते की आपली शक्ती सरली, मुलांची आहे, त्यांनी जावे, पाहावे. त्याचे म्हणणे सरळ आहे. तो बसतो आणि बसण्यात सुखी असतो. दुसरा माणूस रुसलेला आहे. तो तेच शब्द म्हणतो, पण मनात म्हणतो, पाहू या कोण थांबते. कोणी थांबले तर त्याला अपराधी वाटते, कोणी थांबले नाही तर तो दुखावतो. त्याचे समाधान कशानेच होत नाही. आणि खरी अडचण अशी की पुष्कळदा हे दोघे एकाच देहात राहतात. म्हणणाऱ्यालाही कळत नाही की आत्ता कोण बोलले.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर थांबावे किंवा जावे असे एका शब्दात देता येत नाही. आधी बोलणे खरे व्हायला हवे. सूनबाईचे बोलणे ऐकून सगळे हसले, याचे कारण त्या दगडावर इतका वेळ प्रत्येकजण दुसऱ्यासाठी त्याग करीत होता. स्वतःला काय हवे ते तिने एकटीने सांगितले. तिने सांगितल्याबरोबर गाठ सुटली.

आता हे पाहा, आमच्या एकचक्रेची कथा हीच आहे. महाभारताच्या आदिपर्वात बकवधाचे आख्यान येते. लाक्षागृहातून वाचलेले पांडव कुंतीसह एका ब्राह्मणाच्या घरी वेष पालटून राहत होते. बकासुराला गावाने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस द्यायचा, अशी पाळी ठरलेली होती. त्या घराची पाळी आली. बाप म्हणाला, मी जातो. आई म्हणाली, तुमच्यामागे मी मुलांना कशी सांभाळू, मीच जाते. मुलगी म्हणाली, मला कधीतरी दुसऱ्या घरी द्यायचीच आहे, मग आजच द्या आणि सगळे वाचा. आणि सगळ्यांत लहान मूल, ज्याला नीट बोलताही येत नव्हते, ते हातात गवताची काडी घेऊन म्हणाले, मी या काडीने राक्षसाला मारतो. त्या रडण्याच्या घरात क्षणभर हसू उमटले.

कीर्तनात ही कथा आपण भीमाच्या पराक्रमासाठी सांगतो. गाडाभर अन्न भीम एकटाच खात बसतो, तिथे श्रोते खूश होतात. पण पराक्रमाच्या आधीचा हा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. त्या घरात प्रत्येकाने आपले कारण उघड सांगितले. कोणी दुसऱ्याच्या वतीने ठरवले नाही. कोणी कोणाला गप्प केले नाही, अगदी त्या लहान मुलालाही नाही. आणि ते सगळे मोठ्याने बोलत होते म्हणूनच भिंतीपलीकडे कुंतीला ऐकू गेले. मनातल्या मनात कुढत बसले असते तर भीम आला नसता. ज्या घरात दुःख बोलले जाते, त्या घराला मदतीचे दार असते.

आता कोणी अभ्यासू वाचक म्हणेल, महाराज, महाभारतातच दुसरेही चालणे आहे, त्याचे काय? बरोबर आहे. सतराव्या, महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव आणि द्रौपदी हिमालयाकडे पायी निघतात. तेही कुटुंबच. वाटेत द्रौपदी पडते. मग सहदेव, मग नकुल, मग अर्जुन, शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला? युधिष्ठिर उत्तर देतो, पण मागे वळून पाहत नाही. धर्मराज म्हणवणारा थांबत नाही. मग आपण थांबण्याचा आग्रह का धरावा?

याचे उत्तर त्याच ग्रंथात आहे. पहिली गोष्ट, ते निघाले होते सगळे सोडून. राज्य परीक्षिताला दिले होते, परतायचे नव्हते, आणि प्रत्येकाने हे समजून पाऊल टाकले होते. ज्या घराला संध्याकाळी परतून चूल पेटवायची आहे, त्याने महाप्रस्थानाचा दाखला देऊ नये. दुसरी गोष्ट, तोच युधिष्ठिर शेवटी एका कुत्र्यासाठी थांबला. इंद्राचा रथ समोर उभा होता, तरी म्हणाला, माझ्या भरवशावर आलेल्याला टाकून मी येत नाही. आणि तिसरी गोष्ट अठराव्या पर्वात आहे. स्वर्गात त्याला भाऊ दिसले नाहीत. नरकात त्यांचे आवाज ऐकू आले, तेव्हा त्याने स्वर्गाकडे पाठ फिरवली आणि म्हणाला, मी इथेच राहतो. ज्याने हिमालयात मागे वळून पाहिले नाही, तोच शेवटच्या दारात आपल्या माणसांसाठी थांबला. व्यासांनी ही कथा अशी रचली आहे की न थांबणारा युधिष्ठिर पुरता कळायला थांबणारा युधिष्ठिर पाहावा लागतो.

पण वारकऱ्याला इतके लांब जायला नको. आपला संप्रदाय जिथून सुरू होतो, तिथे एका कुटुंबाचे चालणेच आहे, आणि तेही बिघडलेले चालणे. परंपरेत पुंडलिकाची कथा सांगतात ती आठवा. पुंडलिक काशीयात्रेला निघाला. आपण आणि बायको घोड्यावर, आणि म्हातारे आईबाप पायी. त्यांची दमछाक होत होती, आणि याचे लक्ष पुढच्या मुक्कामावर होते. हेतू केवढा थोर, काशी! पण चालणे असे की मागचे मरत आहेत आणि पुढच्याला पुण्य गाठायचे आहे. पुढे कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. आईबापांची सेवा करणाऱ्या त्या मुनींच्या दारी गंगा, यमुना, सरस्वती स्वतः येऊन झाडलोट करतात हे त्याने पाहिले, आणि तो मागे फिरला. काशी राहून गेली.

आणि काशी राहिली तेव्हा काय घडले? देव स्वतः दारात आला. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने उठून धाव घेतली नाही. एक वीट मागे भिरकावली आणि देवाला म्हणाला, यावर थांब. देव थांबला. युगे लोटली, अजून थांबलेला आहे.

माऊली, आपण ज्या मूर्तीसमोर डोके टेकतो ती थांबलेल्या देवाची मूर्ती आहे. धनुष्य ओढणारी, असुर मारणारी, रथ हाकणारी ती मूर्ती नव्हे. एक मुलगा आईबापांसाठी थांबला आणि त्या मुलासाठी देव थांबला, म्हणून हे पंढरपूर. मग आपल्या घरातला कोणी एखाद्या दगडावर कोणाच्या सोबतीला बसला, तर त्याचे दर्शन हुकले असे कसे म्हणावे? त्याच्या वाट्याला पाणी आले नसेल, पण वीट आली.

हे ऐकून मात्र एक चूक करू नका. थांबणे थोर आहे, असे म्हटले की घरात नेहमी एकच व्यक्ती थांबू लागते, आणि तिच्या थांबण्याला आपण गोड नावे देतो. बहुतेक घरांत ती सून असते, नाहीतर न शिकलेली मोठी मुलगी, नाहीतर लग्न न झालेला एखादा काका. दिंडीतही पाहा. टाळकरी नाचत असतात तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या बाया पुढच्या तळावर जाऊन चुलींचा धूर सोसत असतात. त्यांच्या थांबण्यावर आपले चालणे उभे असते. म्हणून थांबणे वाटून घेतले पाहिजे. सौ.ने त्या दिवशी मुलाला बसवले आणि सुनेला पाठवले. तो निवाडा मला पोथीतल्या वचनाइतका वजनाचा वाटतो. थांबणे हे पुण्य असेल तर त्यात सगळ्यांचा वाटा हवा, आणि ओझे असेल तर तेही सगळ्यांच्या खांद्यावर हवे.

वारीने हे शहाणपण फार पूर्वी व्यवस्थेत बसवले आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माऊलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, ती आजही चालते. विसावे ठरलेले असतात. मागचा तिथे पुढच्याला गाठतो. आणि संध्याकाळी तळावर समाज आरतीच्या वेळी काय होते ते ज्यांनी पाहिले ते विसरत नाहीत. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने टाळ थांबवायचा नाही, वाजवत राहायचे. त्या शांततेत तो एकच टाळ ऐकू येतो. चोपदार तिथे जातात, म्हणणे ऐकतात, आणि मगच पुढचे होते. दिवसभरात काय हरवले, काय सापडले, तेही तिथे पुकारतात. एवढा मोठा समाज रोज एका टाळासाठी थांबतो. आपल्या पाच माणसांच्या घरात तेवढी सोय करता येणार नाही का? रात्री जेवताना एकदा सगळ्यांनी गप्प व्हावे आणि कोणाचा टाळ अजून वाजतो आहे ते ऐकावे.

आता माझ्या वयाच्या मंडळींशी दोन शब्द. आपल्यालाही काही कर्तव्य आहे. केळझरहून वर्ध्याकडे जाताना वाटेत धाम नदीच्या काठी पवनार लागते, विनोबाजींचा आश्रम. १९५१ साली पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला, आणि त्यानंतर तेरा वर्षे तो माणूस गावोगाव पायी फिरला. त्या काळात त्यांच्याइतके चाललेला माणूस शोधून सापडणार नाही. आणि १९७० साली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे एका जागी राहायचे ठरवले. १९८२ साली देह ठेवीपर्यंत ते पवनारला राहिले. चालणाऱ्याने बसावे कसे, हे त्यांच्याकडून शिकावे. आता मी बसतो, असे त्यांनी स्वतः ठरवले, उघड सांगितले, आणि बसल्यावर चालणाऱ्यांचा हेवा केला नाही. बसण्यालाही त्यांनी साधना केले.

आपले बसणे असे असावे. पाय थकले तर थकले म्हणावे. सोबत हवी असेल तर हवी म्हणावे, त्यात कमीपणा नाही. नको असेल तर नको म्हणावे, आणि मग मुले परत येईपर्यंत घड्याळ पाहत बसू नये. माझ्यामुळे अडू नये, या वाक्याऐवजी दुसरे वाक्य म्हणून पाहा. मी इथे बसतो, तुम्ही पाहून या आणि मला सांगा. पहिल्या वाक्याने मुले गुन्हेगार होतात. दुसऱ्या वाक्याने ती आपले डोळे होतात.

आणि तरुण मंडळींनो, तुमच्यासाठी. घरून निघतानाच सगळ्यांत थकलेल्या माणसाला विचारा, कुठवर येशील? तो जिथवर येईल ती जागा आधी पाहून ठेवा, सावलीची, बसायला दगड असलेली. डबा तिथे सोडा. तिथवर सगळ्यांनी त्याच्या चालीने चला, पुढे तुमच्या चालीने जा. पण त्याला एकटे ठेवू नका. आमच्या तालुक्यात बोरचे जंगल आहे, २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघाच्या रानाशेजारी कोणी एकट्याने बसू नये, हे गुराख्याचे पोरही सांगेल. पण वाघाहून जवळ एक भीती असते, आपण विसरलो गेलो ही. तिला सोबतीशिवाय दुसरे औषध नाही.

म्हणजे थांबावे की जावे? ज्याला जायचे आहे त्याने जावे, ज्याला थांबायचे आहे त्याने थांबावे, आणि दोघांनी एकमेकांशी खरे बोलावे. कोणाची पाळी सारखी सारखी येते, एवढे लक्षात ठेवावे. अशा घराचे कोणी मागे राहत नाही, कारण त्याचा विसावाही वाटेतच मोजला जातो.

पुढच्या एकादशीला मंदिरात जाल तेव्हा विटेवरचे ते दोन पाय नीट पाहा. ते कुणासाठी थांबले आहेत हे आठवा. मग घरी येऊन पाहा, तुमच्यासाठी कोण थांबले आहे.

रामकृष्णहरी.